ब्रेकवरचा अनवाणी पाय

माय,

तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी बाबांनी जीपवर ताडपत्री टाकली. दोरीच्या गाठीही अशा मारल्या, की सोडायला कोणी बसलं तर त्याचा दिवस जावा. रामाकोन्याचा एक माणूस पोळा झाला की गाडी पाहायला येणार होता. पाहायला म्हणजे न्यायलाच. बाबांनी त्याला फोनवर हो म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

मी म्हटलं, "बाबा, दोन महिन्यांत आंबियाचा संत्रा तोडाले येते. बाया सौंसरले काय पायी जातीन?"

"जातीन दुसऱ्या गाडीनं."

"अन तुमी काय करसान?"

"बसून राहीन."

"पन काऊन?"

तर म्हणाले, "ब्रेकचं तेल कोन बदलन?"

मी म्हटलं, दरसाल तुमीच त बदलता. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कॉलेजचं फाटकही पाहिलं नाही. "मी खाली असतो," म्हणाले. "वर कोन बसन?"

 शाळेत आठवी-नववीच्या पोरांना विज्ञान शिकवते, दिवसाला पन्नास प्रश्नांची उत्तरं देते, पण ह्या एकाचं आलं नाही. बाबा मग ओट्यावर जाऊन बसले. तुझ्या जागी नाही, तुझी जागा सोडून. आणि तिथून त्या ताडपत्रीकडे पाहत राहिले. गाडी दारात असली की हा माणूस हलतो-बोलतो, आणि गाडी गेली की तो ओट्यावरून उठणार नाही, हे मला त्या दिवशी दिसलं. तुला हे आधीच माहीत असणार. तू कधी बोलली नाहीस.

तुला हे सांगायला नको, पण दुसऱ्या कोणी हे वाचलं आणि त्याच्या घरी गाडी नसली तर समजणार नाही, म्हणून थोडं सांगते. ब्रेकचं तेल बदलणं हे एकट्याचं काम नाही. एक माणूस खाली चाकापाशी, एक वर सीटवर. खालचा म्हणतो, "दाब." वरचा पेडल दोन-तीनदा दाबतो आणि शेवटी दाबून धरतो. मग खालचा चाकामागचं निप्पल, म्हणजे तेल काढायची बारीक तोटी, पान्यानं थोडंसं सैल करतो. तिला लावलेल्या नळीतून जुनं, काळ्या चहासारखं तेल बाटलीत उतरतं. खालचा निप्पल कसतो, आणि मगच म्हणतो, "सोड." त्याच्या आधी वरच्यानं पाय उचलला तर आत हवा ओढली जाते. तेल दबत नाही, हवा दबते. हवा राहिली की पेडलवर दिलेला सगळा जोर तिच्यातच जिरतो, चाकापर्यंत पोचत नाही. चार चाकं, आणि एकेका चाकाला हेच पंधरा-वीस वेळा. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये फक्त आवाज असतो.

आपल्या तिगावच्या घरी वरचा माणूस तू होतीस. तुला गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही.

मी लहानपणापासून पाहत आले, म्हणून त्यात काही नवल आहे हे मला कळलंच नाही. तू आधी पाय धुवायचीस. पदर कमरेला खोचून, चप्पल खाली काढून चढायचीस. बाबा म्हणायचे, "अवं, मंदिरात चालली काय? चप्पल घालून दाब ना!" तू म्हणायचीस, "चपलेतून समजत नाई." उंची तुझी एवढीशी, म्हणून सीटच्या कडेवर सरकून, दोन्ही हातांनी स्टेरिंग धरून बसायचीस, आणि डोळे समोर तुळशीकडे. पाय मात्र खाली, आमच्यापैकी कोणालाच न दिसणाऱ्या त्या लोखंडाशी बोलत असायचा.

आणि तुझी ती भाषा! बाबा खालून विचारायचे, "कसं लागते?" तू म्हणायचीस, "दहीच हाय अजून." पुढच्या खेपेला, "आता भिजवलेल्या कणकीवानी." मग, "कणीक घट्ट झाली, पन मधात गाठ हाय." बाबा खालून ओरडायचे, "काय वो, ब्रेक हाय का सयपाक?" तू म्हणायचीस, "तुमी पाना पाहा तुमचा." शेवटी तू काहीच बोलायची नाहीस. नुसती उतरून चप्पल पायात घालायचीस. तेव्हा बाबा समजायचे, झालं.

आपल्याकडे हे काम पोळ्याच्या दिवशीच. बैलाला पोळ्याला जुंपत नाहीत, तर गाडीलाही नाही, हा तुझाच कायदा. आणि दुसऱ्या दिवशी गोटमार, ती दगडफेकीची जत्रा, म्हणून पांढुर्ण्याचा बाजार बंद, त्यामुळे गाडीला सलग दोन दिवस आराम. बाकी लोक बैलांची शिंगं रंगवायचे, आपण चाकं खोलायचो. शेजारचे हसायचे. तू एक पोळी गाडीच्या बोनेटवरही ठेवायचीस.

ह्याच्यावरून आपलं भांडण, जे आता कधीच मिटणार नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी पुस्तकात वाचलं, की काही द्रव हवेतलं पाणी ओढून घेतात. आपल्या भागात कॉलेजचं शिकणं हिंदीतून, तर पुस्तकातला शब्द 'आर्द्रताग्राही'. ब्रेकचं तेल त्यातलंच. पाणी शिरलं की ते लवकर उकळतं, घाटात ब्रेक तापले की त्याची वाफ होते, आणि वाफ दबते. म्हणजे ज्या तेलाला पाण्याचं भय, ते तेल आपण भर पावसाळ्यात, ओली हवा असताना, अंगणात डबा उघडून बदलत होतो! मी आपल्या घराण्यातली पहिली कॉलेजात गेलेली पोरगी. एवढं मोठं सापडल्यावर गप्प बसणार होते काय? सुट्टीत घरी आले आणि चुलीपाशीच सुरू केलं.

"माय, हे तेल आर्द्रताग्राही असते."

"म्हंजे?"

"म्हंजे हवेतलं पानी पिते."

"मंग तहानलेलं म्हन ना. एवढं मोठं नाव काऊन घेऊन राहिली?"

"थट्टा नाई करून राहिली मी. पोळ्याले नाई बदलाचं. चैत्रात बदलाचं, हवा कोरडी असते तवा."

"चैत्रात गाडीले फुरसत हाय? मृगाचा संत्रा कोन वायन, तुझं पुस्तक?"

मी रागावले. तू भाकरी उलटवलीस आणि मिठाच्या बरणीकडे बोट केलंस. बरणीचं झाकण घट्ट, त्यावर फडकं, फडक्यावर वाटी. "मीठ पावसाळ्यात पानी धरते, म्हनून आपन मीठ खाचं सोडतो काय? झाकन लावतो." एवढंच म्हणालीस. आणि मग मला आठवलं, की तेलाचा डबा दोन मिनिटं उघडा राहिला तरी तू ओरडायचीस. इंजिनाजवळच्या, ब्रेकचं तेल भरायच्या डब्बीचं झाकण काढण्याआधी भोवतीनं कोरड्या कापडानं पुसायला लावायचीस. मागच्या सालचा अर्धा उरलेला डबा बाबा दरवर्षी काढायचे, आणि तू दरवर्षी म्हणायचीस, "पानी सुटलेलं मीठ भाजीत टाकता का? नवा आना." मी कॉलेजातून जे घेऊन आले होते ते आपल्या घरी चुलीमागच्या फळीवर आधीपासूनच होतं. फक्त त्याला नाव नव्हतं.

तरी सांगते माय, चैत्रच बरा. मी अजून माझ्या बोलण्यावर आहे. तू नाहीस म्हणून मी हरले असं समजू नको.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते.

मला शाळेत नोकरी लागली त्या सालचा पोळा. हातात नवा फोन. फोनवर पाहिलं की हे काम आता एकट्या माणसालाही जमतं. एक नळी येते, तिच्यात छोटा पडदा असतो, तेल बाहेर जातं पण हवा परत येत नाही. मी ती नळी नागपूरहून आणली. पोळ्याच्या सकाळी तू पाय धुऊन आलीस तर मी म्हटलं, "माय, तू बस ओट्यावर. आता तुझं काम नाई राहिलं." मी हे कौतुकानं म्हटलं होतं, खरंच सांगते. तुला आराम द्यायचा होता. पण 'तुझं काम नाई राहिलं' हे वाक्य मी तेव्हा कानानं ऐकलं नाही. आता ऐकू येतं.

तू ओले पाय घेऊन ओट्यावर बसलीस.

बाबा वर पेडल मारत होते, मी खाली नळीचा व्हिडिओ काढत होते. शाळेतल्या पोरांना दाखवायचा होता. तेलाच्या डब्बीवर लक्ष ठेवायचं काम माझंच. तिच्यातलं तेल तळाला जाऊ द्यायचं नसतं, गेलं की वरूनच हवा शिरते. माझं लक्ष फोनमध्ये. उठून पाहते तर डब्बी कोरडी. मी पटकन नवं तेल ओतलं, झाकण लावलं, आणि कोणाला काही सांगितलं नाही. मी बी.एस्सी. झालेली, नोकरीवाली. माझ्याकडून अशी शेंबड्या पोरासारखी चूक झाली हे बापासमोर कसं कबूल करू? मनात म्हटलं, थोडीशी तर गेली असेल हवा. निघून जाईल.

काम झालं. बाबा म्हणाले, "वा वा, पोरीनं त कमाल केली." तेव्हा तू ओट्यावरून उठलीस. चप्पल काढलीस. चढलीस, पेडल एकदा दाबलंस, थांबलीस, पुन्हा दाबलंस.

"हवा हाय."

बाबा चिडले. "आता तुले त वहमच हाय. नळीत एक बुडबुडा नाई आला, पोट्टीनं शिकून-सवरून केलं, अन तू म्हनते हवा हाय! तुले मशीनीतलं काय समजते वो? आपलं काम गेलं म्हनून नाक फुगवून राहिली."

आणि तू माझ्याकडे पाहिलंस. फक्त एकदा. मी मान खाली घातली. ओट्यावरून तुला गाडीचं बोनेट समोरच दिसत होतं. मी घाईघाईनं डब्बी भरली ते तू पाहिलं होतंस की नाही, हे मला आजपर्यंत माहीत नाही. पाहिलं असशील तर एका वाक्यात तुझं खरं झालं असतं, माझं खोटं उघडं पडलं असतं. तू म्हणालीस, "वहम त वहम. पुन्हा काढा."

मागच्या डाव्या चाकापासून पुन्हा काढलं. तिसऱ्या खेपेला नळीतून बुडबुड्यांची माळच आली.  बाबांनी पाना पुसला आणि ते पुढच्या चाकाकडे गेले. तुझा शब्द खरा निघाला, पण तुला ऐकवलेला टोमणा काही त्यांनी परत घेतला नाही. तो माझ्यामुळे तुला ऐकावा लागला होता, आणि तो तू इतकी वर्षं तसाच ठेवलास. त्या गाडीतून पुढे अकरा बाया घाट उतरत होत्या, माय. तू पाय ठेवला नसतास तर मी काय केलं असतं, हे मी कधी पुरतं विचारात घेऊ शकले नाही. अर्ध्यावरच थांबते.

मी माफी मागितली नाही. आपल्या घरी तो शब्द चालतच नाही. त्याऐवजी संध्याकाळी तुझ्यासाठी चहा केला, आणि तू म्हणालीस, "साखर जास्त झाली."

तू गेल्यावर कमलमावशी रोज येऊन बसते. तुमच्या संत्रा तोडणाऱ्या बायांतली सर्वांत मोठी, तोंडाची सर्वांत फाटकी. तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी तुम्ही दोघांनी मला कधीच सांगितली नव्हती. मी म्हटलं होतं, "मावशी, माय पेडलवर कवापासून बसाले लागली?"

"तुले नाई माहीत? अवं, तू झाली नव्हती तवाची गोष्ट. तवा तुझा बाप दुसऱ्याची गाडी चालवे. रामाकोन्याच्या पल्याड घाट उतरून राहिलो होतो आमी. बायाच बाया, अन पाट्या. तुझी माय मागं आमच्यात. एकदम तुझा बाप ओरडला, ब्रेक गेला! पाय खाली जाते अन काईच होत नाई. गेर टाकत टाकत त्यानं गाडी मुरमाच्या ढिगात घातली. कोनाले खरचटलंबी नाई. पन मंग आमी उतरलो त कोनी चढाले तयार नाई. मी त म्हटलं, पायी जाईन, मरन पन ह्या गाडीत नाई बसत. थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा लागाले लागला, तरी कोनी चढे ना. तुझा बाप रस्त्यात खाली बसून रडे, पोट्ट्यावानी."

"मंग?"

"मंग तुझी माय गेली अन समोर त्याच्या बाजूच्या सीटवर बसली. काई बोलली नाई. थे बसली म्हनून आमी चढलो. घरी गेल्यावर तिनं त्याले म्हटलं म्हने, आजपासून तेल बदललं का आधी माझा पाय. मी बसते त्या गाडीत, माझ्या बाया बसते. मी पाह्यल्याबिगर गाडी नाई निघत."

मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "चहा ठेवते का नुसतंच इचारते?"

मी चहा ठेवायला उठले, पण चुलीपाशी बराच वेळ उभीच राहिले. मी मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली आहेत. पदवी घेताना टाळ्या ऐकल्या आहेत. पण एक बाई ज्या गाडीत मरता मरता वाचली, त्याच गाडीत ती सर्वांत आधी जाऊन बसली. नवऱ्याला एक शब्द न बोलता बसली. आणि मग पुढची सगळी वर्षं, दर पोळ्याला, जी गाडी असेल तिच्या जिवाची हमी आपल्या तळपायावर घेत राहिली. याच्यापुढे मला माझ्या शिक्षणाचा अभिमान कमी झाला असं नाही. तो आहेच. पण पहिल्यांदा कळलं, की मी या घरातली पहिली शिकलेली नाही. पहिली कागदवाली आहे.

काल पोळा होता. आपल्या घरी यंदा सण नाही, चूल साधीच. बाहेर गावात बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि बाबा ओट्यावर. मी म्हटलं, "बाबा, चला. वर मी बसते."

"राहू दे."

कमलमावशी तिथंच होती. ती म्हणाली, "भाऊजी, गाडी इकाची त इका. पन त्या रामाकोन्यावाल्याच्या घरच्या बायाबी त्याच घाटानं जाते. जुनं तेल ठेवून इकसान त माझी बहीन वरून थुकन तुमच्यावर."

बाबा थोड्या वेळानं उठले आणि गाठी सोडायला लागले. स्वतःच्या हातानं मारलेल्या गाठी, पण त्यांनाही सुटेनात. शेवटी मावशी घरातून विळा घेऊन आली आणि दोरी कापून मोकळी झाली. "एवढा कायचा बंदोबस्त," म्हणाली, "गाडी काय पळून चालली होती?"

मी पाय धुतले. चप्पल काढली. चढले. दगड लावलेली चाकं, नवा सीलबंद डबा, डब्बीभोवती कोरडं कापड, सगळं तुझ्यासारखं. डब्बीपाशी मावशीला उभं केलं आणि सांगितलं, "तेल ह्या रेघेच्या खाली गेलं का ओरडजो." ती म्हणाली, "मी त असीबी ओरडतेच."

"दाब," बाबा खालून म्हणाले.

मी दाबलं, धरलं. निप्पल उघडलं तसं पेडल पायाखालून निघून गेलं. मी तयार होते तरी दोन्ही हातांनी स्टेरिंग पकडलं.

"सोड. कसं लागते?"

"ठीक हाय."

"ठीक म्हंजे काय?"

"म्हंजे... नरम हाय थोडं."

"थोडं म्हंजे किती? शाळेत पोट्ट्यायले असंच शिकवते काय?"

मला खरंच सांगता येईना. माझा पाय मुका होता. दहाव्या-बाराव्या खेपेला बाबांनी पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "नाई जमत," म्हणाले. "राहू दे, पोरी. मले भरोसा नाई येत."

आणि मग मला काय झालं कोण जाणे. ते खाली, मी वर, तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं असेल. मी सांगून टाकलं. नवा फोन, कोरडी पडलेली डब्बी, मी लपवलं ते, तू माझ्याकडे पाहिलंस ते. "बाबा, तिले वहम नव्हता. मी खोटी होती."

  मला वाटलं, आता येतील आणि बोलतील. खूप बोलतील. बाबा सरकत सरकत बाहेर आले, उभे राहिले, गुडघे झटकले.

"अन मी तिलेच बोललो," म्हणाले. "मशीनीतलं काय समजते म्हटलं."

"हाव."

"थे काईच नाई बोलली?"

"पुन्हा काढा म्हटलं."

त्यांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "उतर खाली. पाना घे. निप्पल जास्त नको फिरवजो, थोडंसंच." आणि त्यांनी चप्पल काढली. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांना अनवाणी पायानं गाडीत चढताना पाहिलं.

त्या एका व्हिडिओवाल्या वर्षी ते वर बसले होते खरे, पण तेव्हा त्या नळीमुळे नुसतं भरभर पेडल मारायचं होतं. धरून बसायचं काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. मी खाली गेले, नळी लावली. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "दाबा, बाबा."

त्यांनी दाबलं, धरलं. मी निप्पल उघडलं. तेल आलं, आणि वरून बाबांचा आवाज आला, घाबरलेला.

"अवं, हे त चाललं! खाली चाललं!"

"जाऊ द्या. पाय नका उचलू."

"घाटात असंच लागलं होतं. असंच!"

"नका उचलू बाबा, मी कसून राहिली. धरा. धरा. हं, सोडा."

 मग ते बोलले, पण माझ्याशी नाही, मावशीशीही नाही. "हरेक खेपेले तिले हेच लागे? हरेक चाकाले? वीस-वीस बार?" आणि मग अगदी हळू, "अन कधी पाय नाई उचलला."

ज्या एका क्षणानं तो माणूस रस्त्यात बसून रडला होता, तो क्षण तू दर पोळ्याला साठ-सत्तरदा पायाखाली घेतलास, माय, आणि त्याला "दहीच हाय अजून" म्हणून सांगितलंस. हे त्यांना काल कळलं. मलाही कालच.

चारही चाकं झाली. मावशी दोनदा ओरडली, दोन्ही वेळा बरोबर ओरडली. शेवटच्या चाकाला नळीतून नव्या मधासारखं तेल आलं. मी विचारलं, "कसं लागते?" बाबांना तुझ्यासारखे शब्द आले नाहीत. ते म्हणाले, "लागते." मग किल्ली फिरवली. मी धावत जाऊन बाजूच्या सीटवर बसले. गाडीच्या रंगावर सांडलेलं तेल, रंग खाण्याआधी, पाण्यानं धुवायचं राहिलं होतं, ते मावशीनं निघता निघता बादली ओतून धुतलं आणि मागून शिव्या दिल्या.

स्टेशनकडच्या उतारावर आलो. मधोमध बाबांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी. ते पाय तसाच दाबून बसले. काच खाली होती, ओली हवा आत येत होती. 

मागून पोळ्याहून परतणारे बैल आले. झुली, रंगवलेली शिंगं, कपाळावर बेगड. आमच्यामुळे रस्ता अडला. एका पोऱ्यानं खिडकीत डोकं घातलं. "काका, गाडी इकून राहिले म्हने तुमी?"

"कोन म्हनते? सीजन लागू दे, बाया घेऊन सौंसरले जाऊन राहिलो."

"मंग आता बाजूले त घ्या ना! बैल उभे हाय."

"रुक जरा," बाबा म्हणाले.

घुंगरं वाजवत बैलांची रांग वाढत गेली. मागून कोणी शिटी मारली, कोणी हसलं. बाबांनी काही पाय उचलला नाही.